‘नवनीत’ आणि मुलांची कविता

दही घुसळल्यावाचून लोणी वर येत नाही. परशुरामपंततात्या गोडबोले यांनी १८५४ साली जुन्या मराठी कवितेतले निवडक वेचे एकत्र केले आणि त्या ग्रंथाला नाव दिले ‘नवनीत’. नाव किती समर्पक!

त्यापूर्वी वामनपंडित, श्रीधर, मोरोपंत मुलांना भेटत ते कानांवाटे. कीर्तनातून, पुराणिकाच्या तोंडून. त्यांचे ग्रंथ पोथ्यांच्या रूपाने बासनात बांधलेले असत. सरकारी शाळा निघाल्या तेव्हा प्रश्न पडला, की मुलांना आपली कविता शिकवायची कशावरून? आख्खी पोथी काही वर्गात वाचून होत नाही. तात्यांचा जन्म १७९९ चा, म्हणजे मोरोपंत गेल्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी. संस्कृत नाटके मराठीत आणणारा हा रसिक जुन्या काव्यात मुरलेला होता. त्यांनी ओवी, अभंग, श्लोक, आर्या एका पुस्तकात शेजारी शेजारी बसवल्या. इंग्रजीतली पालग्रेव्हची प्रसिद्ध ‘गोल्डन ट्रेझरी’ १८६१ सालची. आपले ‘नवनीत’ तिच्याहून सात वर्षांनी वडील!

रघुनाथपंडितांचा नल-दमयंतीमधला हंस कित्येक पिढ्यांच्या ओळखीचा झाला, तो या पुस्तकामुळे. परंतु लोण्याबरोबर परीक्षाही आली. अन्वय लावा, समास सोडवा, अर्थ लिहा! कवितेची गोडी लागण्याआधीच तिची चिरफाड सुरू झाली. कित्येकांनी मोरोपंतांचा धसका घेतला तो वर्गातच. पुढे १९३० नंतरच्या दशकात आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने पाठ्यपुस्तकात मुलांची भाषा आणि हसू आणले. १९६७ साली ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि वेचे निवडण्याचे काम एका संस्थेकडे आले.

निवडणारे बदलले, तरी वेच्याची मर्यादा तीच राहिली. वेचा म्हणजे उंबरठा. घर त्याच्या पलीकडे असते. निवडणाऱ्याला जे रुचले नाही, ते मुलाच्या दृष्टीआड राहते; आणि गुण मिळाले की मूल उंबरठ्यावरूनच परत फिरते. त्याचे बोट धरून आत नेणारे कोणी तरी हवे. आम्हां शिक्षकांना तासाची घंटा आडवी येते. पालकहो, तुम्हांला ती नाही.

तेव्हा या दिवाळीत फराळाची ताटे उचलली, की मुलाच्या पुस्तकातली एक कविता काढा, तिचा मूळ ग्रंथ मिळवा आणि पुढची चार पाने मोठ्याने वाचा. अर्थ मात्र लगेच विचारू नका!