धावत्या गाडीतून सुटणारा डबा

जलद गाडीने लहान गावांसाठी थांबावे की नाही? व्हिक्टोरियन ब्रिटनने यावर अजब तोडगा काढला : गाडी थांबणार नाही, फक्त डबा थांबेल!

वाफेच्या गाडीला थांबवून पुन्हा वेग देण्यात बराच वेळ जाई. म्हणून १८५८ मध्ये लंडन-ब्राइटन मार्गावर, हेवर्ड्स हीथ येथे, शेवटचे डबे धावत्या गाडीतून सोडले जाऊ लागले. हेच ‘स्लिप कोच’.

त्यांत स्वतंत्र गार्ड असे. स्थानक जवळ येताच तो तरफ ओढून जोडणीचा आकडा मोकळा करी. गाडी पुढे निघून जाई आणि गार्ड ब्रेक लावत डबा फलाटाशी आणी. अंदाज चुकून डबा अलीकडेच थांबला, तर त्याला पुढे न्यायला इंजिन नसे.

१९१४ च्या सुमारास रोज सुमारे २०० वेळा असे डबे सुटत. पण सोय एकतर्फी होती : डबा धावत्या गाडीतून सोडता येई, तिला जोडता येत नसे. जादा गार्डचा खर्चही होताच. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत ओसरली. सप्टेंबर १९६० मध्ये बिस्टर येथे अखेरचा डबा सुटला.

तोडगा इतिहासजमा झाला. वाटेवरच्या गावांचा वेगावर हक्क किती, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या जलद गाडीबरोबर परत येतो.