बेळगाव : घाट आणि माळ यांच्या उंबरठ्यावरचे शहर

बेळगाव हे कर्नाटकाच्या वायव्य टोकाचे जिल्ह्याचे ठिकाण. सरकारी दप्तरात १ नोव्हेंबर २०१४ पासून ते 'बेळगावी' झाले, पण मराठी माणसाच्या तोंडी बेळगावच राहिले. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या पाच लाखांच्या जवळ होती. आता शहर त्याच्या बरेच पुढे गेले आहे. कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर, हुबळी शंभराच्या आत, चोर्ला घाटाने पणजी शंभर-सव्वाशे. म्हणजे सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला यांपैकी कुठेही पोचतो. शहराच्या इतिहासातल्या आणि हवामानातल्या बऱ्याच गोष्टी या मोक्याच्या जागेतून आल्या आहेत.

भूगोल : डोंगर संपतो तिथे

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसले आहे. पश्चिमेला खानापूर आणि चंदगड तालुक्यांतले जंगल, पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडचा मोकळा माळ. मातीसुद्धा इथेच बदलते. पश्चिमेकडे तांबडी माती आणि जांभा दगड, पूर्वेकडे काळी जमीन. पश्चिमेकडे भात पिकते, पूर्वेकडे ज्वारी. म्हणून बेळगावच्या घरात भाकरी आणि भात दोन्ही तितक्याच हक्काने ताटात असतात.

दक्षिणेला येळ्ळूरचा राजहंसगड उभा आहे. पावसाळ्यानंतर एखाद्या स्वच्छ सकाळी वर गेलात की भूगोलाचा हा सगळा धडा डोळ्यांनी वाचता येतो : एका बाजूला ढगात बुडालेले डोंगर, दुसऱ्या बाजूला सपाट शेते, आणि मध्ये पसरत चाललेले शहर.

हवामान : पावसाचा उतरता जिना

बेळगावला वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो आजूबाजूचा फरक. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला तीन हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस, खानापूरला दीड हजाराच्या पुढे, आणि पूर्वेला गोकाककडे पाच-सहाशेच. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटावर चढताना रिकामे होतात आणि उरलेसुरले पुढे नेतात. एकाच जिल्ह्यात एकीकडे छत्री आठवडाभर वाळत नाही, तर दुसरीकडे शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो.

उन्हाळा मार्च ते मे. एप्रिलमध्ये पारा सरासरी ३६ अंशांच्या आसपास जातो, पण संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की अंगण सुसह्य होते. मेमध्ये वळीव येतो, मृगानंतर झड लागते. सर्वांत जास्त पाऊस जुलैचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १४ अंशांच्या खाली उतरणारी थंडी असते. कॅम्पातल्या जुन्या झाडांखालून फिरायला निघालेल्यांच्या कानटोप्या त्याची साक्ष देतात. इंग्रजांना छावणीसाठी ही जागा पसंत पडली, त्यात या हवेचा वाटा होताच.

पाणी : तीन राज्यांचे

नकाशावरची सीमारेषा बाजूला ठेवून फक्त नद्या काढल्या, तर बेळगावचे चित्र वेगळेच दिसते.

शहराच्या कडेने वाहणारी मार्कंडेय खानापूर तालुक्यातल्या बैलूरच्या डोंगरात उगम पावते आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. तिच्यावरचा राकसकोप जलाशय हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा जुना आधार. तो महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याच्या हद्दीला लागून आहे. दुसरा आधार हिडकलचा. सुमारे ५१ टीएमसी क्षमतेचे हे धरण घटप्रभेवर आहे, आणि घटप्रभा येते चंदगडच्या सह्याद्रीतून. म्हणजे बेळगावच्या नळाला येणाऱ्या पाण्यातला मोठा भाग महाराष्ट्रात पडलेल्या पावसाचा असतो.

उलट दिशेने बेळगाव जिल्ह्याचे पाणी गोव्याला जाते. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात म्हादई उगम पावते आणि गोव्यात उतरून मांडवी होते. त्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा मात्र पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. शेजारच्या दोन डोंगरांवर पडलेले दोन थेंब दोन वेगवेगळ्या समुद्रांना मिळतात.

म्हादईचा वादही याच जलविभाजकावर उभा आहे. कणकुंबीजवळच्या कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळवायचे, ही कर्नाटकाची योजना. ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिले. गोव्याला त्यात मांडवीची खारफुटी आणि पिण्याचे पाणी धोक्यात दिसते, तर मलप्रभेच्या खोऱ्याला आपली कोरडी गावे दिसतात. मधे खानापूरचे जंगल आहे, ज्याच्यामुळे हे पाणी मुळात आहे.

इतिहास : वेणुग्राम ते बेळगाव

जुन्या लेखांत या गावाचे नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूचे गाव. सौंदत्तीच्या रट्टांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानी इथे आणली. किल्ल्यातली कमल बस्ती याच काळातली : चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये ती उभारली. छतातून खाली उमललेले दगडी कमळ आजही बघणाऱ्याला थांबवते.

रट्टांनंतर देवगिरीचे यादव, मग विजयनगर. १४७२ मध्ये बहामनी वजीर महमूद गवान याने सुरुंग लावून किल्ल्याचा तट फोडला. पुढे आदिलशाहीत असद खान लारी इथला सरदार होता. किल्ल्यातली साफा मशीद त्याच काळातली. त्यानंतर मोगल, मराठे, हैदर अली, पुन्हा पेशवे असा हा किल्ला हातोहात फिरत राहिला. कारण सोपे होते. कोकण-गोव्याचे घाट चढून येणारा माल आणि फौजा देशावर उतरताना याच पट्ट्यातून जात. १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेने तो घेतला आणि इंग्रजांनी शेजारी छावणी वसवली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आज इथेच आहे.

शेजारचे शहापूर मात्र सांगली संस्थानात होते. आज एका रस्त्याने जोडलेल्या दोन पेठा तेव्हा दोन अंमलांखाली होत्या. शहापूर-वडगावचे विणकर आणि बेळगावचे व्यापारी यांच्या देवघेवीतून बाजार वाढला.

मराठी वाङ्मयात या शहराची पाने पुष्कळ. 'यमुना पर्यटन' (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी यांचा जन्म बेळगावचा. सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. कवयित्री इंदिरा संत यांचे आयुष्य इथे गेले. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला होते आणि त्यांचे 'रावसाहेब' अस्सल बेळगावचे. कानडी हेल घेऊन येणारी 'होय की', 'चला की' अशी इथली मराठी त्यांनी महाराष्ट्रभर पोचवली.

एप्रिल १९१६ मध्ये टिळकांची होमरूल लीग इथे स्थापन झाली. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. हजारोंच्या जमावाला पाणी लागणार म्हणून तेव्हा खोदलेली विहीर 'काँग्रेस विहीर' म्हणून आजही दाखवली जाते.

सीमा : १९५६ नंतर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडला गेला. १९५६ च्या जानेवारीत या निर्णयाविरुद्ध उसळलेल्या आंदोलनात बळी गेलेल्यांच्या स्मरणार्थ १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात. १९६७ च्या महाजन आयोगाने निपाणी, खानापूरसह काही गावे महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवावे, असे सुचवले; महाराष्ट्राला ते मान्य झाले नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१२ मध्ये इथे सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. दर १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे राज्योत्सव असतो, दुसरीकडे काळा दिन.

शिवार राहील का?

या सगळ्यात एक सीमा रोज सरकते आहे आणि तिच्यावर चर्चा कमी होते : शहर आणि शिवाराची. अनगोळ, वडगाव, शहापूर, जुने बेळगाव, येळ्ळूर या पट्ट्यातली काळी जमीन बेळगावी बासमतीसाठी नावाजलेली. चुलीवर भात शिजला की शेजारच्या घरात कळायचे, असा त्याचा वास. याच शिवारातून बळ्ळारी नाला मार्कंडेयकडे जातो. शहराचे सांडपाणी, गाळ, जलपर्णी आणि अतिक्रमणे यांनी तो आवळत गेला, आणि जोराचा पाऊस आला की पाणी भातात शिरते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तर वस्त्यांतही शिरले. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, तो याच पिकाऊ जमिनीसाठी.

पाणी साठवणारी शेते भराव घालून बुजवली की तेच पाणी उद्या गल्लीत येते आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात. राज्याची हद्द कोर्टात ठरेल तेव्हा ठरेल. घाटातले झाड, राकसकोपचे पाणी आणि वडगावचे शिवार यांची राखण मात्र मराठी-कानडी दोघांनाच करायची आहे, कारण पावसाला दोघांचीही भाषा सारखीच कळते.