वाकलेली चित्रं

चिपळूणला माझा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. आता लोक त्याच जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला आणतात. तक्रार बहुधा एकच: घरच्या टीव्हीवर नीट दिसायचं, इथे मात्र वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला वाकतो. नवरीच्या मुंडावळ्या एकीकडे, कपाळ दुसरीकडे.

कारण १९७६ साली जपानच्या जेव्हीसीनं आणलेल्या व्हीएचएसच्या रचनेतच आहे. अर्धा इंच रुंदीची टेप फिरत्या ड्रमला गुंडाळली जाते. आपल्या पॅल पद्धतीत तो ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो आणि चित्राची एकेक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत यावी लागते. टेप ताणली किंवा आखडली की ओळी मागेपुढे सरकतात. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ते सांभाळून घेई. कॉम्प्युटरच्या कॅप्चर कार्डाला ते जमत नाही.

टीव्ही केंद्रांनी हा प्रश्न फार आधी सोडवला होता. टाइम बेस करेक्टर प्रत्येक ओळ क्षणभर साठवून वेळेवर सोडतो; १९७३ मध्ये त्याचं डिजिटल रूप आलं. घरगुती कामाला पॅनासॉनिकचे काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये जोडले तरी वाकडेपणा बराच जातो. मी त्यांना जिवापाड जपतो. एकदा वाकडं उतरलं की सॉफ्टवेअरनं ते सरळ होणं कठीण, म्हणून दुरुस्ती आधीच हवी.

जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं. चालू यंत्रं दरवर्षी कमी होताहेत. कपाटातल्या कॅसेटी याच वर्षी बाहेर काढा.