चित्रांची रोजकीर्द

चित्रकार म्हटला की आमच्यासारख्या बी.कॉम. माणसाच्या डोळ्यांपुढे दाढी, झब्बा आणि थकलेलं घरभाडं उभं राहतं. कला आणि हिशेब ही दोन खाती आपण कायम वेगळीच ठेवतो. पाउल क्ले या गृहस्थांनी मात्र ती एकाच वहीत लिहिली.

क्लेसाहेब जन्मले १८७९ साली, स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ. १९०६ मध्ये लिली या पियानोवादक मुलीशी लग्न करून ते म्युनिकला राहायला गेले. पुढच्या वर्षी फेलिक्स झाला. मग सौ.नी पियानोच्या शिकवण्या करून संसार चालवायचा आणि श्रींनी स्वयंपाक करून पोर सांभाळायचं, अशी वाटणी झाली. तेही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हो! (ही माहिती आमच्या सौ.पर्यंत अजून पोचलेली नाही.) शिष्यांची बोटं पियानोवर अडखळत असताना हा माणूस स्वयंपाकघरात बसून वहीच्या पानाएवढ्या कागदावर बारीक रेघा ओढायचा. पोराचं वजन, ताप, पहिले शब्द यांचीही त्याने नोंद ठेवली होती.

१९११ मध्ये त्यांनी आपल्या चित्रांची रोजकीर्दच उघडली. साल, अनुक्रमांक, चित्राचं नाव, साधन, सगळं सुवाच्य अक्षरात. लहानपणची निवडक चित्रंसुद्धा मागाहून नोंदवून टाकली. मागच्या तारखेची नोंद आम्ही केली तर मेमो मिळतो! पुढे त्यांनी विक्रीसाठी चित्रांचे वर्ग पाडले आणि आवडत्या चित्रांचा एक खास वर्ग केला. ती सहसा विकायची नाहीत. ही खरी मुदतठेव.

पहिल्या महायुद्धात १९१६ साली त्यांना लष्करात बोलावलं. १९१७ मध्ये गेर्स्टहोफेनच्या विमानविद्यालयात त्यांना काम मिळालं ते रोखपाल कचेरीतल्या कारकुनाचं! म्हणजे आमचेच जातभाई. फावल्या वेळात चित्रं चालूच. कधी कागदाऐवजी विमानाच्या पंखांचं कापडही चालायचं. १९२२ च्या डिसेंबरात त्यांची काही चित्रं कलकत्त्याच्या प्रदर्शनातही येऊन गेली. आणि पुढे आपल्या वासुदेव गायतोंड्यांनाही क्लेंनी भुरळ घातलीच.

१९३३ साली नाझींनी त्यांना ड्युसेलडॉर्फच्या कलाशाळेतून काढलं. ते बर्नला परतले. १९३७ मध्ये ‘भ्रष्ट कला’ म्हणून भरवलेल्या प्रदर्शनात त्यांची १७ चित्रं टांगली गेली. संग्रहालयांतली शंभरावर चित्रं जप्त झाली. जप्त करणाऱ्यांनीही याद्या अगदी नीट ठेवल्या. कारकून काय, दोन्हीकडे असतात.

त्यातच कातडी आवळत नेणारा आजार जडला. १९३६ च्या पानावर जेमतेम २५ नोंदी दिसतात. एखादं खातं असं थंडावलं की आम्ही ते निष्क्रिय म्हणून बाजूला काढतो. पण १९३९ चं पान उघडा. एका वर्षात १,२५३ नोंदी! तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, आखडलेल्या हातांनी. कुणी मागितलेली नव्हती, खपतील याची खात्री नव्हती. तरी रेघ ओढायची, खाली क्रमांक घालायचा, पुढचा कागद घ्यायचा.

१९४० च्या जूनमध्ये क्लेसाहेब गेले, तेव्हा वहीत नऊ हजारांवर चित्रं होती. जन्म स्वित्झर्लंडचा, पण वडील जर्मन म्हणून कागदोपत्री हेही जर्मन. नागरिकत्वासाठी केलेल्या अर्जाचा निकाल तेव्हाही लागलेला नव्हता. ज्या माणसाने आयुष्यात एक कागद नोंदीवाचून ठेवला नाही, त्याचाच कागद कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिला. आमच्या पेशाच्या वतीने मला ते फार लागलं.