ग्रँथमचे कोपऱ्यावरचे दुकान

ग्रँथमचे कोपऱ्यावरचे दुकान : इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातील ग्रँथम या बाजारगावात, नॉर्थ परेडवरील चौकात उभी असलेली जुन्या किराणा दुकानाची इमारत. ॲल्फ्रेड रॉबर्ट्स यांनी हे दुकान १९१९ मध्ये विकत घेतले. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अशी तिची रचना होती. १३ ऑक्टोबर १९२५ रोजी येथेच त्यांची धाकटी मुलगी मार्गारेट, म्हणजे ब्रिटनच्या पहिल्या महिला पंतप्रधान (१९७९–९०) मार्गारेट थॅचर, यांचा जन्म झाला. तशी पाटी भिंतीवर आहे. या जन्मामुळे वास्तूकडे स्वावलंबी व्यापाराची शाळा म्हणून पाहण्याची रीत पडली आणि थॅचर यांनीही ‘द पाथ टू पॉवर’ (१९९५) या आत्मचरित्रात मुक्त बाजाराचे धडे आपण या दुकानातच गिरवल्याचे सांगितले. दुकानाचा प्रत्यक्ष इतिहास पाहता ही ओळख अर्धीच खरी ठरते : मालकाच्या कष्टांइतकाच सार्वजनिक व्यवस्थांचाही या गल्ल्याला आधार होता.

कष्टांचा भाग निर्विवाद आहे. चहा, साखर, बिस्किटे घाऊक येत आणि मागच्या खोलीत तोलून पुड्यांत भरली जात. मुलींनाही त्या कामाला हात लावावा लागे. घरात गरम पाण्याचा नळ नव्हता, शौचालय बाहेर होते. धंदा वाढला तशी शेजारची घरे दुकानाला जोडली गेली आणि १९२३ मध्ये हंटिंगटॉवर रोडवर दुसरे दुकान निघाले. मात्र याच दुकानात उप-टपाल कार्यालयही होते. तिकिटे आणि निवृत्तिवेतन यांसाठी येणारा माणूस किराण्याच्या फळीसमोरून जाई. रेल्वेचा मुख्य मार्ग हाकेच्या अंतरावर होता. हिंदुस्थानचा तांदूळ, वेस्ट इंडीजची साखर यांचा उल्लेख थॅचर जागतिक व्यापाराचा दाखला म्हणून करतात. पण तो व्यापार साम्राज्याच्या चौकटीत चालत असे, हे विसरता येत नाही. जानेवारी १९४० पासून शिधावाटप सुरू झाले, तेव्हा कुटुंबांना ठरावीक दुकानात नाव नोंदवावे लागले. गिऱ्हाईक टिकवण्यात आता सरकारी कार्डाचाही वाटा होता.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की उप-टपाल कार्यालय चालवणारा माणूस खासगी दुकानदारच असतो, त्यामुळे त्यातून सरकारी आधार सिद्ध होत नाही. हे अंशतः मान्य करावे लागते. तरीही मोबदला आणि येणारी वर्दळ ही सार्वजनिक सेवेचीच देणगी होती. दुसरा आक्षेप पुराव्याबद्दलचा आहे : यातील बराच तपशील थॅचर यांच्याच आठवणींतून येतो आणि राजकारण्याच्या आठवणी स्वतःच्या सोयीच्या असू शकतात. पण टपालाची खिडकी आणि रेल्वेची जवळीक हे तपशील त्यांच्या सिद्धान्ताला पोषक नाहीत. न मागता दिलेली अशी साक्ष अधिक विश्वसनीय मानावी लागते. खुद्द रॉबर्ट्स नगरपरिषदेत अर्थसमितीचे अध्यक्ष होते आणि १९४५-४६ मध्ये गावचे महापौर झाले. म्हणजे दुकानदारी आणि सार्वजनिक कारभार या घरात एकत्रच नांदत होते.

पुढे कायद्यानेच छोट्या दुकानांची परिस्थिती पालटली. उत्पादकाने ठरवलेल्या किमतीची सक्ती १९६४ च्या कायद्याने मोडीत निघाली आणि स्वस्त विक्री करणाऱ्या मोठ्या दुकानांना आणखी वाव मिळाला. तो कायदा करणाऱ्या सरकारात थॅचर कनिष्ठ मंत्री होत्या. नॉर्थ परेडच्या इमारतीतला किराणाही राहिला नाही. तेथे पुढे उपाहारगृह आणि नंतर उपचारकेंद्र चालले. थॅचर यांचा पुतळा २०२२ मध्ये गावात उभारला गेला, तोही या कोपऱ्यापासून दूर. एका नेत्याचे जन्मस्थान एवढ्यापुरतेच या वास्तूचे महत्त्व मानू नये. विसाव्या शतकातील इंग्रजी बाजारगावात खासगी व्यापार सार्वजनिक सोयींवर कसा उभा होता, याचा ती पुरावा आहे आणि तिची नोंद प्रथम त्यासाठी व्हायला हवी.