राजरत्न आणि रमाईचे उपास

रमाईंविषयी आपण पुष्कळ बोलतो. ७ फेब्रुवारी आणि २७ मे या दोन तारखांना गावोगाव व्याख्याने होतात. अर्धपोटी राहून साहेबांना परदेशी शिकू देणारी, कष्टांनी झिजून गेलेली रमाई आपल्या गायकांनी आणि वक्त्यांनी घरोघर पोचवली आहे. ते चित्र खोटे नाही. परंतु त्यातून एक गोष्ट बहुधा गाळली जाते. रमाई भाविक होत्या. शनिवारी नुसते पाणी आणि उडीद यांवर त्या कडक उपास करीत आणि नवऱ्यासाठी देवाची करुणा भाकीत, अशी नोंद धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात केली आहे. पंढरपूरला जाण्याची त्यांची ओढ आणि त्यावर आपण दुसरे पंढरपूर निर्माण करू हे बाबासाहेबांचे उत्तर तर सर्वश्रुत आहे. तरीही व्याख्यानाला उभा राहिलेला आमचा वक्ता (मीही त्यांतलाच) रमाईंची इच्छा एका वाक्यात उरकतो आणि उत्तरावर टाळ्या घेतो. ती इच्छा कुठल्या घरातून आली होती, हे विचारायचे राहून जाते.

ते घर चार मुले मातीत घातलेले घर होते.

गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. यशवंत तेवढा जगला. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये न्यूमोनियाने गेला. रमाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, बाबासाहेब पस्तिशीत. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत हे कुटुंब राहत होते. कोलंबिया विद्यापीठाची पदवी, लंडनची डी.एस्‌सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी एवढे सगळे त्या दोन खोल्यांत होते, आणि त्यांतले काहीही मुलाच्या छातीत भरलेल्या कफाला उपयोगी पडणारे नव्हते. पुढच्या महिन्यात बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपण आणि आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असा बहाणा करण्यात अर्थ नाही, असा त्याचा आशय आहे. तीन मुलगे आणि एक मुलगी आपण आपल्या हातांनी पुरली, हेही त्यात आहे. घरातले मीठच हरवले तर चव कशाने आणायची, हा बायबलातला दाखला त्यांनी तिथे घेतला आहे. पत्रात देवाला साकडे नाही, आणि देवावर राग काढणेही नाही. आहे तो एका बापाचा रिकामेपणा.

आता मागे जाऊन पाहू. बाबासाहेबांचे घराणे कबीरपंथी. सुभेदार रामजी पहाटे उठून भजन म्हणत, मुलांना म्हणायला लावीत. भीमाबाईंना चौदा अपत्ये झाली. त्यांतली जगली पाच : तीन मुलगे, दोन मुली. पुढच्या पिढीत पाचांतले एक जगले. शिक्षण वाढले, पगार वाढला, शहर आले, आणि तरी पाचांतले एकच. आपल्या इतिहासलेखनात मोर्चे, परिषदा, सत्याग्रह यांच्या तारखा काटेकोरपणे येतात. पाळण्यांचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही. तो मांडल्याखेरीज आपल्या लोकांच्या धर्माविषयी काहीही बोलणे अर्धवट ठरेल असे माझे मत आहे.

कारण आपल्या जुन्या श्रद्धेची मुळे पुराणांत फारशी नव्हती. ती तापात होती, पटकीत होती, देवी आणि गोवरात होती. महारवाड्याची दैवते आठवून पाहा. मरीआई ही साथीची देवी. पटकी आली की तिचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत लोटायचा. ते काम महाराकडे. गावाचा रोग गावाबाहेर ओढून नेणे हा आमच्या बलुत्याचाच भाग होता म्हणायचा. मुलाला देवी आल्या की अंगात देवी उतरली म्हणून लिंबाचा पाला बांधायचा आणि औषध द्यायचे नाही. एक मूल गेले की पुढच्याचे नाव धोंडू, दगडू, कचरू ठेवायचे, म्हणजे मृत्यूला ते घेण्याजोगे वाटू नये. या नावांना शहरी लोक हसतात. कुठल्याही जुन्या हजेरीपटावर नजर टाकली तर धोंडू आणि कचरू यांच्यामागे किती मेलेली भावंडे उभी आहेत याचा अंदाज येतो. त्या पार्श्वभूमीवर तीन मुले गेल्यावरही पाळण्यातल्या चौथ्याचे नाव या घरात राजरत्न ठेवले गेले. मृत्यूला फसवण्यासाठी मुलाला कचरा म्हणायचे नाही. महाडच्या तळ्यापर्यंत पोचण्याआधीचे ते एक धाडस होते, असे मला वाटते.

नवसाची दुसरी बाजू अधिक भयंकर होती. जगलेच तर तुझ्या पायी वाहीन, असे कबूल करून मागितलेली मुले खरोखर वाहिली जात. मुलगी खंडोबाची मुरळी, मुलगा मरीआईचा पोतराज. एका मुलाचा जीव वाचवायला त्याच मुलाचे आयुष्य द्यायचे, असा हा सौदा. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’मधून मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध मोहीम उघडली. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज यांच्यापुढे भाषण करून ते जिणे सोडायला सांगितले. हे आपण सुधारणेच्या इतिहासात वाचतो. परंतु त्या सभेत बसलेल्या कितीतरी जणांच्या आयुष्याची सुरुवात एखाद्या आजारी बाळाच्या उशाशी झालेली असणार, इकडे आपले लक्ष जात नाही.

इथे कुणी म्हणेल, हे अज्ञान होते; डॉक्टरकडे न्यायला हवे होते. राजरत्नाच्या बाबतीत हे म्हणता येत नाही. १९२६ साली न्यूमोनियावर नेमके औषधच नव्हते. सल्फा जातीची औषधे १९३० नंतरच्या दशकात आली, पेनिसिलिन सर्वसामान्य रोग्यापर्यंत पोचायला चाळिशीचे दशक उजाडले. त्या वेळी लाटसाहेबाचे मूलही या रोगाने जाऊ शकत होते. जातीने राजरत्नाला मारले असे मी लिहिले तर ते टाळ्या मिळवील, पण खरे होणार नाही.

जातीने मारलेला न्यूमोनिया वेगळा आहे, आणि त्याची नोंदही बाबासाहेबांनीच जपली. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी ते समाविष्ट केले. शिक्षकाची बायको बाळंत झाली, दोन दिवसांनी आजारी पडली. हिंदू डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावातल्या वजनदारांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो आला, तेही बाळंतिणीला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाकडे दिला, मुसलमानाने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. कंदिलाच्या उजेडात थर्मामीटर पाहून डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले. ती बाई गेली. मागे काही दिवसांचे मूल राहिले.

ज्या समाजाला डॉक्टर असा मिळतो, त्या समाजाच्या आईने मरीआईपुढे पदर पसरला तर तिला अडाणी म्हणण्याआधी थांबावे लागते. मरीआई निदान अंगाला हात लावू देत होती.

मी हे तटस्थपणे लिहू शकत नाही, हे इथेच सांगून टाकतो. १९९७ साली, मी नऊ वर्षांचा असताना, माझी चार वर्षांची बहीण रक्ताच्या कर्करोगाने आठ महिने आजारी होती. आधी उतरत नसलेला ताप, मग मांडीवर निळे डाग, मग हिरड्यांतून रक्त. तालुक्याच्या डॉक्टरने टायफॉईड म्हणून महिना घालवला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात निदान झाले. दादांनी, म्हणजे वडिलांनी, म्हैस विकली, नंतर आईच्या अंगावरचे होते ते. चार महिन्यांनी पोर गावी परत आणली, कारण पुढे करण्यासारखे काही उरले नव्हते आणि खर्चालाही काही उरले नव्हते.

आमचे आबा, वडिलांचे वडील, १९५७ साली दीक्षा घेतलेले. देव्हाऱ्यातले टाक, परडी, देवीचा कवड्यांचा हार, सगळे त्यांनी टोपलीत भरून नदीच्या डोहात सोडले होते. ही गोष्ट ते आम्हांला दर वर्षी सांगत. दादा विहाराच्या कमिटीत. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांखेरीज तसबीर नाही. बहिणीच्या अंथरुणाशी रोज संध्याकाळी त्रिशरण-पंचशील होई. एकदा भंतेजी येऊन परित्राण पाठ करून गेले आणि तिच्या मनगटाला पांढरा धागा बांधून गेले. पुढच्या आठवड्यात त्या पांढऱ्या धाग्याच्या वर एक काळा दोरा दिसला. आई मंगळवारी शिवेवरच्या मरीआईला जाऊ लागली होती, आणि उपास धरीत होती.

गावात असे लपत नाही. कमिटीतल्या दोघांनी येऊन आबांना बाविस प्रतिज्ञांची आठवण दिली. त्यांचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. त्या प्रतिज्ञांसाठी आमच्या लोकांनी काय किंमत मोजली होती ते त्यांना माहीत होते. आबा ऐकून घेत राहिले. म्हणाले, “मला म्हाईत हाय.” एवढेच. पुढच्या मंगळवारी आई अंधारात निघाली तेव्हा आबा बॅटरी घेऊन तिच्यामागे निघाले. मीही गेलो. देवळापासून दहा हातांवर ते थांबले, पुढे गेले नाहीत, हात जोडले नाहीत. आईची वाट दिसावी म्हणून बॅटरी धरून उभे राहिले आणि ती परत आल्यावर पुढे चालू लागले. पोर गेली त्या पौष महिन्यापर्यंत दर मंगळवारी हे चालले.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मी महाविद्यालयात असताना प्रथम नीट वाचला. बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर, १९५७ साली, तो प्रसिद्ध झाला. म्हणजे आबांच्या टोपलीचेच वर्ष. त्यात भगवान बुद्धाच्या करुणेचे जे प्रकरण आहे तिथे नात गमावलेली विशाखा आहे, आणि मेलेले मूल घेऊन औषध मागत फिरणारी किसा गोतमी आहे. ज्या घरात कुणी मेले नाही त्या घरातून मोहऱ्या आण, असे तथागत तिला सांगतात. ही कथा चार मुले पुरलेल्या माणसाने निवडून आपल्या ग्रंथात घेतली, हे लक्षात ठेवून वाचली की वेगळी वाचली जाते. मात्र राजरत्न गेला म्हणून बाबासाहेबांनी धर्म बदलला, असे कुणी मांडू लागले तर मी त्याला विरोध करीन. येवल्याच्या घोषणेमागे महाड होते, काळाराम होते, हजार वर्षांचा अपमान होता. खासगी दुःखात ती घोषणा बसवणे म्हणजे तिला लहान करणे होय.

आणि किसा गोतमीच्या कथेविषयी एक शंका मी माझ्या विद्यार्थ्यांपुढेही ठेवतो. गोतमीला जे गावभर फिरल्यावर उमगले ते आमच्या आयांना फिरण्याआधीच ठाऊक होते. महारवाड्यात मोहऱ्या देऊ शकणारे घर नव्हतेच. त्यांना सत्य सांगायला कुणी नको होते. त्यांना उशाशी बसणारे कुणी हवे होते. म्हणून मला याच प्रकरणातला पुढचा भाग अधिक जवळचा वाटतो. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्षूला तथागत आनंदाच्या मदतीने स्वतः धुऊन काढतात आणि इतरांना विचारतात की याची शुश्रूषा कुणीच कशी केली नाही. या भागावर आमच्या विहारांत प्रवचन झालेले मी क्वचितच ऐकले आहे.

काही वर्षांपूर्वी रमाईंवर व्याख्यान तयार करताना कीरांची शनिवारच्या उपासाची नोंद मी आईला वाचून दाखवली आणि विचारले, तू मंगळवार धरत होतीस तेव्हा मरीआई ऐकते असे तुला खरेच वाटत होते का? ती भाकरी थापत होती. म्हणाली, “ऐकती का न्हाई, ते कुनाला ठावं? पोरीच्या घशाखाली पानी उतरत नव्हतं बाळा. मग मला कसं जेवू वाटंल?” त्यानंतर त्या व्याख्यानातला पंढरपूरचा प्रसंग मी निराळ्या रीतीने सांगू लागलो.

रमाई २७ मे १९३५ रोजी राजगृहात गेल्या. तोवर बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळून साडेसात वर्षे झाली होती. नाशिकचा सत्याग्रह होऊन गेला होता. हिंदू धर्मात आपल्याला काही मिळणार नाही हे त्यांना पुरते कळून चुकले होते. तरीही रमाईंचे उत्तरकार्य एका महार पुरोहित मित्राच्या हातून हिंदू पद्धतीने झाले आणि बाबासाहेबांनी डोक्यावरचे केस उतरवले, असे कीर लिहितात. आमच्यातले काही अभ्यासक याला विसंगती म्हणतात. मला देवळापासून दहा हातांवर बॅटरी धरून उभे असलेले आबा आठवतात.

त्या वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची परिषद झाली. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, मे १९४७ मध्ये. रमाईंना जाऊन तेव्हा बारा वर्षे होत आली होती.