अमेरिकेतली निम्म्याहून जास्त मुलं 'नापास' झाली तेव्हा

"लहान मूल ते, दिवसभर खेळतंच की! त्याला वेगळा व्यायाम कशाला?" असं तुम्हालाही वाटत असेल. 1950 च्या सुमारास अमेरिकेतल्या पालकांचाही असाच समज होता.

न्यूयॉर्कमध्ये डॉ. हान्स क्राउस पाठदुखीच्या रुग्णांवर उपचार करत. पोटाचे, पाठीचे आणि पायांचे स्नायू रोजच्या कामापुरते तरी सक्षम आहेत का, हे पाहण्यासाठी ते सहा साध्या चाचण्या घेत. उताणं झोपून उठून बसायचं, पाय उचलून धरायचे, गुडघे न वाकवता बोटं जमिनीला टेकवायची, अशा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच चाचण्या शाळेतल्या मुलांकडून करून घेतल्या. 1954 साली निष्कर्ष छापून आले. अमेरिकेतली 57.9 टक्के मुलं निदान एका चाचणीत नापास! ऑस्ट्रिया, इटली अशा युरोपीय देशांतल्या मुलांमध्ये हेच प्रमाण 8.7 टक्के होतं.

युरोप तर नुकताच महायुद्धातून सावरत होता. म्हणजे प्रश्न खाण्यापिण्याचा नव्हता. क्राउस यांनी बोट ठेवलं ते मोटार, स्कूल बस, लिफ्ट आणि टीव्हीवर. (या चाचण्यांत दमसास मोजलाच जात नव्हता, ही त्यांची मोठी उणीव. पण इशारा खराच होता.) राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तो मनावर घेतला आणि 1956 मध्ये मुलांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद नेमली.

ही सगळी मुलं शाळेत जाणारी होती. त्याहून लहान मुलांकडे लक्ष जायला फार उशीर लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या शिफारशीसुद्धा वयाच्या 5 व्या वर्षापासून सुरू होत होत्या. त्याखालच्या मुलांसाठी शिफारशी आल्या थेट 2019 मध्ये. त्यानुसार 1 ते 4 वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान 180 मिनिटं हालचाल व्हायला हवी. 3 वर्षांनंतर त्यातली 60 मिनिटं तरी धाप लागेल अशी. आणि एका वेळी तासाभराहून जास्त वेळ मुलाला बाबागाडीत किंवा खुर्चीत बांधून ठेवू नये.

180 मिनिटांचा आकडा पाहून घाबरू नका. ती सलग भरायची नसतात. जिना चढणं, चेंडूमागे धावणं, आजोबांचं बोट धरून वाण्याच्या दुकानापर्यंत चालत जाणं, हे सगळं त्यात मोजा. कडेवर बसून केलेली फेरी मात्र धरू नका.